वाचक विचारतात : वंशावळ निजामकाळापर्यंत कशी न्यावी?

प्रश्न : आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. पणजोबांच्या मागची नावं कुठं सापडतील?

उत्तर : आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक वारस नोंद उलटी तपासत जा. त्यामागचा मोठा आधार म्हणजे १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे कोणती जमीन कुणाकडे याची तेव्हाची नोंद. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. तिथं नसेल तर परभणीलाही चौकशी करा, कारण १९९९पर्यंत हिंगोली त्याच जिल्ह्यात होती.

त्याआधीचे कागद बहुधा उर्दूत, काही मोडीत. साल फसली, म्हणजे निजामकाळातल्या महसुली वर्षाचं असतं. १३१७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९०७ ते ऑक्टोबर १९०८. म्हणजे ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर ५९१. घोळ होतो तो नावांत. आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं 'अमुक वलद (म्हणजे मुलगा) तमुक', आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. म्हणून नावावर विसंबू नका, सर्व्हे नंबर जुळवा. उर्दूत नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, सुटले की नावच बदलतं. जाणकाराकडून वाचून घ्या.

शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्याही बघा. घरातल्या बायकांची नावं जमिनीच्या कागदांपेक्षा या वह्यांत मिळण्याची आशा जास्त.