गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडला, तर त्याची किंमत शून्य धरायची का?

तुमचा प्रश्न असा: हौसेने गळ टाकणारे बरेच जण मासा धरून परत सोडतात, बाजारात काहीच येत नाही, मग या छंदाचे अब्जावधींचे आकडे येतात कुठून?

उलाढालीचं कोडं सोपं आहे. मासा फुकट सुटतो, पण माणसाचा खिसा सुटत नाही. रॉड, रीळ, आमिष, परवाना, गाडीचं इंधन, होडीचं भाडं, मुक्काम. अमेरिकेच्या २०२२च्या राष्ट्रीय पाहणीत जवळपास ४ कोटी हौशी मासेमारांनी ९९.४ अब्ज डॉलर खर्च केल्याची नोंद आहे. (यात समुद्रावर जाणारेही आले.) तिथे १९५०च्या कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावरचा कर माशांच्या संवर्धनालाच जातो.

पण खर्च म्हणजे किंमत नव्हे. इथे मी स्वतः आपटलोय. शिकत असताना एका जलाशयावर पाहणीचे फॉर्म भरून घेत होतो. सगळ्यांचे खर्च जोडले आणि खूश होऊन बेरीज सरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "उद्या इथले मासे मेले तर ही मंडळी घरी बसतील का?" नाही बसणार. दुसऱ्या पाण्यावर जातील, तेवढेच पैसे तिथे घालवतील. म्हणजे माझी बेरीज फक्त पैसा कुठे फिरतो ते सांगत होती. झालेल्या खर्चाच्या वर आणखी किती मोजायची त्यांची तयारी होती, तो वरचा भाग म्हणजे त्या पाण्याचा खरा लाभ.

तो मोजायचा कसा? एक गृहस्थ पहाटेपासून काठावर होते. दिवसभरात एकच मासा लागला. हात ओले करून धरला, पक्कडीने गळ काढला आणि पाण्याखालीच अलगद धरून ठेवला, शेपटी हलेपर्यंत. विचारलं, इथे यायचा खर्च दुप्पट झाला तर? "येईन." तिप्पट? जरा थांबून म्हणाले, "महिन्यातून एकदा." मागणीचा आलेख तो हाच. अर्थात तोंडी उत्तरात खिशातून काही जात नाही, त्यामुळे लोक सढळ हाताने बोलतात. म्हणून दुसरी, न विचारता मोजायची पद्धत: अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्रातून सुचवलेली. तेच पाणी गाठायला लांबच्याला जास्त पडतं, जवळच्याला कमी. अंतर वाढेल तशा फेऱ्या किती घटतात हे बघितलं की जवळच्याच्या पदरात फुकट किती पडतं ते कळतं.

अधिवासाचं, म्हणजे मासे राहतात आणि वितात त्या जागेचं, मात्र नाजूक असतं. ट्राउट, सॅमन अंडी घालतात ती तळाच्या गोट्यांखाली. फटींतून पाणी खेळतं तोवर अंड्यांना प्राणवायू मिळतो. वरून गाळ बसला की ती गुदमरून मरतात. म्हणजे चढावरची झाडं तोडल्याचा फटका काही वर्षांनी गळ टाकणाऱ्याला बसतो, आणि तोवर झाडांचा विषय कुणाच्या लक्षातही नसतो. मात्र माशांची किंमत धरलीत तर त्यांच्या विणीच्या जागेची, मासे देते म्हणून, पुन्हा वेगळी मिळवू नका. एकच रक्कम दोनदा लागते. ही चूक छापील अहवालांतही दिसते.

एरवी धरणापुढे मासे हरतात; हिशेब उलटा फिरल्याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण. वीज अवघी ३.५ मेगावॉट, आणि माशांना वर जायला वाट बांधणं धरण काढण्यापेक्षा महाग. १९९७मध्ये धरणाला पुढचा परवाना नाकारला गेला, १९९९मध्ये धरण फोडलं.

आणि ज्यांची पावतीच नसते त्यांचं काय? २०१८मध्ये जगातल्या नद्या-तळ्यांतून सुमारे १.२ कोटी टन मासे धरले गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आकडेवारी सांगते. त्यातला मोठा वाटा धरणाऱ्याच्याच घरी शिजतो. तिथे मी ना किलोचा भाव लावत, ना प्रवासखर्च. मासे आटले तर त्या घराला तेवढीच प्रथिनं विकत घ्यायला काय पडेल, ते धरतो.