समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकताना

पदवीसाठी हे दोन्ही विषय एकत्र घेण्याचा तुमचा निर्णय मला मनापासून पटला. मात्र संख्याशास्त्राकडे पहिल्या वर्षापासूनच लक्ष द्या, कारण माझा तो पाया कच्चा राहिल्याने पुढे दोन्हीकडे फार ओढाताण झाली.

सोलापुरात तर या विषयांची सांगड रोज डोळ्यांसमोर असते. पूर्व भागातील एखादी बाई घरी बसून तेंदूची पाने कात्रीने कापते, तंबाखू भरून विडी वळते, दोऱ्याने बांधते आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेते. हा दर कसा ठरतो, हे अर्थशास्त्राच्या साहाय्याने मांडता येईल. पण हे काम बायकांच्याच वाट्याला का आले आणि चादरीच्या धंद्यात तेलुगू भाषक पद्मशाली समाज एवढ्या संख्येने का, हे समाजशास्त्राशिवाय उलगडत नाही. म्हणून अशा घरी गेल्यावर मजुरीबरोबरच घरातला पैसा कोणाच्या हाती राहतो, हेही आस्थेने विचारा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि तेही पहिल्याच सुट्टीत.