स्वतःच्याच घरात तर ठेवलं होतं, मग आँग सान सू ची यांच्या नजरकैदेला छळ का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा आहे की ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आताच्या म्यानमारमधल्या लोकशाही चळवळीच्या नेत्या सू ची यांना लष्कराने कोठडीत टाकलं नाही, रंगूनमधल्या तळ्याकाठच्या त्यांच्याच बंगल्यात ठेवलं, मग त्याचं एवढं कौतुक कशाला? प्रश्न खोचक आहे, पण गैरलागू नाही. त्यांच्या पक्षाची माणसं त्याच वेळी इन्सेन तुरुंगात मार खात होती आणि ही गोष्ट खुद्द सू ची यांनाच टोचत होती. २० जुलै १९८९ ला त्यांना घरात कोंडलं, तेव्हा त्यांची पहिली मागणी होती की मलाही इन्सेनमध्ये माझ्या कार्यकर्त्यांबरोबर ठेवा. त्यासाठी त्यांनी अन्न सोडलं. बाराव्या दिवशी, अटकेतल्यांचे हाल होणार नाहीत असं आश्वासन मिळाल्यावर उपोषण सुटलं. त्या आश्वासनाचं पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो तिथेच वारला. त्यामुळे घरात कोंडलेला माणूस म्हणजे काय याचं कुतूहल मला लहानपणापासून आहे. ब्रह्मदेशाबद्दल वाचायला लागलो तेही त्यातूनच.

माझं मत विचाराल तर, या नजरकैदेतली खरी मेख म्हणजे दार एका बाजूने कायम उघडं होतं. देश सोडून जा, आम्ही अडवणार नाही, असं लष्कर पहिल्यापासून सांगत होतं. अट एकच, म्हणजे परत यायचं नाही. अट कधी उघड बोलली जायची, कधी नुसती समजून घ्यायची. तुरुंगातल्या कैद्याला निदान एवढं असतं की त्याच्या हातात काही नसतं. इथे रोज सकाळी उठून पुन्हा ठरवायचं की आजही मी इथेच राहणार. ऑक्सफर्डला नवरा आहे, दोन मुलं आहेत, अटक झाली तेव्हा धाकटा अवघा अकरा वर्षांचा, आणि त्यांच्याकडे न जाणं हा स्वतःचाच निर्णय! लष्कराने हे फार हुशारीने जमवलं होतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. शिक्षा अन्यायाची होती, पण आकडा ठाऊक होता. सू ची यांच्यावर सुरुवातीला खटलाच नव्हता. १९७५ चा राज्यसुरक्षेचा एक कायदा होता, त्याखाली आरोप न ठेवता डांबता यायचं. मुदत कमाल तीन वर्षं. ती संपत आली तशी १९९१ मध्ये कायदाच बदलून पाच केली. पाच भरली तेव्हा मोजणीचा नवा अर्थ काढून सहावं वर्ष जोडलं. सुटका झाली १० जुलै १९९५ ला. पुढच्या खेपेलाही तेच. मे २००८ मध्ये पाच वर्षं पूर्ण झाली, वकील कायदा दाखवत राहिले, मुदत वाढली ती वाढलीच.

आता घरातलं सांगतो. पत्ता ५४, युनिव्हर्सिटी अव्हेन्यू, मागे इन्या तळं. पहिल्याच दिवशी फोनची तार कापून उपकरण घेऊन गेले. लष्कराचं अन्न खायचं नाही असं सू ची यांनी ठरवलं होतं आणि जवळ पैसे नव्हते, म्हणून घरातलं सामान एकेक करून पहारेकऱ्यांमार्फत विकायला दिलं. वजन उतरलं, केस गळायला लागले, आडवं झालं की श्वास लागायचा. सुटल्यावर कळलं की ते सामान लष्कराने विकलंच नव्हतं, गोदामात नीट रचून ठेवलं होतं. यावर हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहाटे साडेचारला उठून ध्यान, मग रेडिओ. बीबीसीच्या बातम्या हाच बाहेरच्या जगाशी धागा. मे १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या आणि नेत्या घरात बंद. १९९१ चं नोबेल मिळाल्याचंही त्यांना रेडिओवरूनच कळलं. ओस्लोला जाऊन ते मुलांनी स्वीकारलं. त्यांना स्वतःला तिथे जायला २०१२ साल उजाडलं. त्या भाषणात त्यांनी सांगितलं की कोंडलेल्या काळात आपण खऱ्या जगाचा भागच उरलो नाही असं वाटायचं, आणि या पुरस्काराने आपल्याला पुन्हा माणसांच्या जगात ओढून आणलं.

पत्रांचं प्रकरण तर मला सगळ्यात क्रूर वाटतं. नवऱ्याने, म्हणजे मायकेल अ‍ॅरिस यांनी पाठवलेलं पार्सल उघडून, त्यातली लिपस्टिक आणि व्यायामाची कॅसेट यांचे फोटो सरकारी वर्तमानपत्रात छापले. बघा, बाई किती चैनीत आहे, असा सूर. वर, आम्ही पत्रं येऊ देतो हे केवढे उपकार, हेही. सू ची यांनी मग टपाल घेणंच बंद केलं. मुलांचे ब्रह्मी पासपोर्ट आधीच रद्द झाले होते.

१९९५ नंतर कागदोपत्री त्या मोकळ्या होत्या. शनिवार-रविवारी फाटकामागे टेबलावर उभं राहून भाषण करायच्या, रस्त्यावर माणसं बसून ऐकायची. वर्षभरात रस्त्यावर अडथळे लागले. याच मोकळ्या काळात मायकेल यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्याचं निघालं. त्यांनी व्हिसासाठी पुन्हा पुन्हा अर्ज केले. लष्कराचं म्हणणं, त्यांनी कशाला यायचं, बाईंनीच जावं. त्या गेल्या नाहीत. २७ मार्च १९९९ ला, स्वतःच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, मायकेल गेले. शेवटची भेट १९९५ च्या नाताळातली. टिळकांनाही मंडालेतच पत्नी गेल्याचं कळलं होतं, १९१२ मध्ये. पण त्यांच्यापुढे जायचं की नाही हा प्रश्न कोणी ठेवला नव्हता.

२००० ते २००२ पुन्हा कोंडलं. मग ३० मे २००३ ला देपायीनजवळ त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, बरीच माणसं मारली गेली, आणि तिथून २०१० पर्यंत तिसरी खेप. या वेळी सोबतीला पक्षातल्या दोघीजणी, मायलेकी. २००८ च्या नर्गिस वादळात छप्पर उडालं, वीज गेली. मे २००९ मध्ये मुदत संपायला आली असताना एक अमेरिकन गृहस्थ तळं पोहून न बोलावता घरात शिरले. सरकारला आयतं निमित्त मिळालं: नजरकैदेच्या अटी मोडल्या म्हणून खटला, तीन वर्षं सक्तमजुरी, आणि ‘दया’ म्हणून तिची अठरा महिने नजरकैद. त्या मायलेकींनाही शिक्षा झाली, हे सहसा कोणी लिहीत नाही. एकूण हिशेब, २१ वर्षांतली सुमारे १५.

कोणीतरी कमेंटमध्ये रोहिंग्यांचं, म्हणजे लष्कराने देशाबाहेर हाकललेल्या तिथल्या मुस्लिम अल्पसंख्याकांचं विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. एवढा काळ एकट्या राहिल्यामुळे त्यांना वास्तव कळलं नाही, असं समर्थन मी वाचलंय. मला ते अजिबात पटत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये, त्या स्वतः सरकार चालवत असताना, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराचा बचाव करायला त्या स्वतः गेल्या, तेव्हा त्यांना सगळं कळत होतं. जुना छळ खरा आणि हेही खरं.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने उठाव करून त्यांचं सरकार उलथवलं, त्यानंतरची कैद मात्र वेगळ्या जातीची आहे. आता ते जुनं उघडं दार नाही. बंद दाराआड खटले चालवून एकूण ३३ वर्षांची शिक्षा दिली, मग २०२३ मध्ये ती २७ वर आणली. फाटक नाही, पत्ता नाही, बाहेर उभं राहून घोषणा द्यायच्या तर कुठे द्यायच्या हेच माहीत नाही. इन्या तळ्याकाठचं घर मार्च २०२४ मध्ये लिलावात काढलं, पण बोलीच लागली नाही. धाकटा मुलगा किम इंग्लंडमधून आईला औषधं, खाऊ पाठवत असतो. उठावानंतर जवळजवळ तीन वर्षांनी त्याला तिचं एक हस्तलिखित पत्र मिळालं. प्रकृती बरी आहे, दात त्रास देतात, असा मजकूर होता.