नवऱ्याची सही आणि आठवड्यांचा हिशेब

प्रश्न : वहिनीला गर्भनिरोधक साधन वापरूनही दिवस राहिले. दवाखान्यात गर्भपातासाठी नवऱ्याची सही मागितली. घरातले म्हणतात, लिंगनिदानावर बंदी आली तेव्हाच गर्भपातही बंद झाला. खरं काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : लिंगनिदानबंदीचा कायदा १९९४चा. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१चा, २०२१ साली सुधारलेला, आणि तो आजही लागू आहे. बाई १८ वर्षांची किंवा मोठी असेल तर संमती फक्त तिची, ‘सी’ नमुन्यावर, म्हणजे संमतीच्या ठरलेल्या फॉर्मवर. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. अडवणूक झाली तर तसं ठामपणे सांगा. साधन निकामी ठरणं हे कारण कायद्याला मान्य आहे, अविवाहितेसाठीसुद्धा.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं, तेही नियमांत दिलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठीच. घोळ होतो तो मोजण्यात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे पाळी चुकते त्याच दिवशी साधारण चार आठवडे भरलेले असतात.

गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली : मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, ३६ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम. परस्पर दुकानातून आणू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटू शकते. एका बाजूला तीव्र पोटदुखी, चक्कर, किंवा सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा.

नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. तरी लिंगनिदानाच्या संशयाला भिऊन औषधविक्रेते या गोळ्या ठेवत नाहीत, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : दहावीच्या वर्गात गर्भनिरोधनावर बोलायचं आहे. पालक म्हणतात, संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी म्हणजे गर्भपातच.
– एक शिक्षिका

उत्तर : नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम ही गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणं लांबवते. रुजलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. पालकांना आधी बोलावून हेच सांगा. १८ वर्षांखालील मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते, हेही वर्गात सांगा. पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं आहे.