ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर टकोमात घरच्या घरी बसवता येईल का?

हो, नक्की येईल. ब्रेक कंट्रोलर म्हणजे गाडीत बसून मागच्या ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक लावणारी छोटी पेटी. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे तुमची गाडी २०१८ची टोयोटा टकोमा पिकअप, ट्रेलर ओढण्यासाठी कंपनीचं टोइंग पॅकेज, मागे ट्रेलरची वायर जोडायचं सात पिनांचं सॉकेट आणि जोडीला दोन ॲक्सलचा जुना कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर. म्हणजे वायरिंगचं अवघड काम कारखान्यातच झालेलं आहे. मी इथे टेक्सासमध्ये माझ्या टकोमात टेकॉन्शा कंपनीचा पी३ हा कंट्रोलर स्वतः बसवला, अर्धा तास लागला. खरा वेळ पुढे गेला, तेच सविस्तर सांगतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मग ड्रायव्हरच्या पायाशी आडवे होऊन टॉर्चने ब्रेक पेडलच्या आसपास बघा. कशालाच न जोडलेला एक कनेक्टर सापडेल. टोयोटासाठीची हार्नेस, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार वायरींची जुडी, वेगळी विकत मिळते. तिचं एक टोक त्यात ‘टक्’ होईपर्यंत दाबायचं, दुसरं कंट्रोलरमध्ये. झालं. काळी वायर बॅटरीची, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेक लाइटच्या स्विचची, निळी ट्रेलरच्या ब्रेकची, हा हिशेब ज्यांच्या गाडीत कनेक्टर नाही त्यांनी करायचा. तुम्ही एकही वायर कापू नका.

स्क्रू मारताना मात्र जपा. या गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर एअरबॅग आहे, त्या पॅनेलला ड्रिल लावायचं नाही. कंट्रोलरचं तोंड वर-खाली कललं तरी चालतं, पण तो गाडीच्या दिशेत सरळ हवा, डावी-उजवीकडे वळलेला नको. गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय हे तो आतल्या सेन्सरवरून ओळखतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरच्या ब्रेक ड्रममधल्या मॅग्नेटना करंट देतो.

माझ्याकडे सगळं जोडूनही डिस्प्ले म्हणे, ट्रेलर जोडलेलाच नाही. दोन संध्याकाळी मी गाडीतल्याच वायरी तपासत बसलो. दोष निघाला ट्रेलरच्या सांगाड्यावर, पांढऱ्या वायरीच्या बोल्टखाली. बोल्ट सोडवला तर हिरवट पूड हातावर आली. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवीन टर्मिनल लावलं आणि लगेच ट्रेलर दिसू लागला. जुना कॅम्पर घेतलाय तर तुम्ही सुरुवातच तिथून करा.

आता गेन, म्हणजे कंट्रोलरने ट्रेलरच्या ब्रेकना किती जोर द्यायचा त्याचं सेटिंग. मी पहिल्यांदा तो रिकाम्या कॅम्परवर लावला. नंतर पाण्याची टाकी भरून, सामान घेऊन निघालो, तर पहिल्याच उतारावर मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटलं. अंगावर काटा आला. म्हणून प्रवासाला निघता तसा कॅम्पर भरा, मोकळा, सपाट, कोरडा रस्ता गाठा, चार-पाच वेळा ब्रेक लावून ड्रम थोडे गरम होऊ द्या. मग ताशी २५ मैलांवर पाय पेडलवर न ठेवता फक्त कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबा. घरातलं कुणी बाजूला उभं राहून चाकं बघेल तर फार बरं. चाकं लॉक झाली तर गेन कमी करा, ओढ जाणवत नसेल तर वाढवा. लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. ओझं बदललं की पुन्हा हेच.

आणि ब्रेकअवे स्विच विसरू नका. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीने ब्रेक लावतो तो हाच. आधी सात पिनांचा प्लग काढा, मगच स्विचची पिन ओढा आणि गाडी अगदी हळू पुढे घ्या. चाकं फरफटली पाहिजेत. सहज फिरली तर ती बॅटरी तपासून दोष दुरुस्त केल्याशिवाय रस्त्यावर निघू नका.