नऊ तरी असेल ना?

प्रिय दोस्ता,

तुझ्या जुन्या अमेरिकन कॉमिकच्या अंकाचे चारही फोटो पाहिले. मुखपृष्ठ समोरून, मुखपृष्ठ जरा तिरकं, मुखपृष्ठ हातात धरून आणि मुखपृष्ठाशेजारी तू. खाली एकच ओळ: 'नऊ तरी असेल ना?' मलपृष्ठाचा एकही फोटो नाही, कण्याचा नाही, आतल्या पानांचा तर नाहीच. अंकाच्या प्रेमात पडलेला माणूस असेच फोटो काढतो. मीही काढायचो.

असल्या फोटोंवरून ग्रेड, म्हणजे अंकाच्या अवस्थेचे गुण, सांगणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून स्वभाव सांगणं. त्यामुळे नऊ की सहा, ते मी सांगत नाही. तुझा तुला कसा ठरवता येईल, तेवढं लिहितो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. ग्रेडिंगची पट्टी दहाची. ९.४ म्हणजे निअर मिंट, ८ व्हेरी फाइन, ६ फाइन, ४ व्हेरी गुड आणि २ गुड. म्हणजे या मंडळींच्या 'गुड'ला शाळेत मास्तरांनी सरळ नापास केलं असतं. विकणारा 'गुड कंडिशन आहे' म्हणाला, तर तो ग्रेड सांगतोय की नुसतं कौतुक करतोय, हे विचारून घे. आणि चारला नाक मुरडू नकोस. साठच्या दशकातला अंक पोरांनी वाचला, गुंडाळून खिशात कोंबला, उशाखाली घेतला आणि तरी सगळी पानं शाबूत आहेत, तर तो अंक चांगला जगला म्हणायचा.

आता अंक टेबलावर घे. हात धुऊन पूर्ण कोरडे कर. दिवा वरून नको, बाजूला खाली ठेव, म्हणजे उजेड पानावरून सरपटत येईल. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या मुखपृष्ठावर मग दबलेले खड्डे, पेनाने वरच्या कागदावर लिहिताना उमटलेल्या रेघा, बोटांनी पडलेल्या चंद्रकोरी अशा उठून दिसतात की आपण इतके दिवस काय बघत होतो असं वाटतं. कण्यावर पिनांच्या आसपास बारीक आडवे चरे असतील, ते मोज. एकेका चऱ्यापाशी थांबून बघ, रंग तुटून खालचा पांढरा कागद दिसतोय का? न तुटलेली घडी किंवा दाब प्रेसिंगमध्ये, म्हणजे मोजकी उष्णता, दमटपणा आणि दाब देऊन, बराचसा जातो. तुटलेला रंग परत येत नाही. सहा आणि आठ यांच्यातलं अंतर पुष्कळदा या पांढऱ्या रेघांमध्येच असतं.

मग पिना. गंज असेल तर तो कागदात उतरलाय का ते बघ. मधलं जोडपान, म्हणजे मधोमध दुमडलेला तो एक कागद, दोन्ही पिनांना धरून आहे का, की एकीवरच लोंबतंय? पानं मोज, कंटाळा करू नकोस. त्या काळातल्या नेहमीच्या अंकात आतली बत्तीस पानं असतात, म्हणजे आठ कागद दुमडून पिना मारलेल्या. जोडपान गायब असलेला अंक हातात धरला तर काहीही जाणवत नाही. वाचायला बसलास तरच नायक एकदम दुसऱ्याच खोलीत पोचलेला दिसतो.

पानांचा रंगही वेगळा लिहून ठेव: पांढरी, किंचित पिवळट, क्रीम, ठिसूळ. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. महिनाभर टिकला तरी पुरे म्हणून वापरलेला. त्यातलं लिग्निन हवा-उजेडानं पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि शेवटी कोपरा वाकवला की बिस्किटासारखा तुटतो. ठिसूळ पानांचा अंक मुखपृष्ठाच्या चकाकीवर भाळून घेऊ नकोस.

आत काय कापलंय, हेही बघ. १९७४ च्या सुमारास मार्व्हल या प्रकाशकाने वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटे 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापायला सुरुवात केली आणि मुलांना ते कापून वहीत चिकटवायला सांगितलं. मुलांनी इमानदारीत कापले. 'इन्क्रेडिबल हल्क'चा नोव्हेंबर १९७४ चा १८१ वा अंक आज सगळ्यांना हवा असतो. वुल्व्हरिन हा लोकप्रिय नायक १८० व्या अंकाच्या शेवटच्या पानावर डोकावतो, पण पुरता अवतरतो तो १८१ मध्येच. त्याच अंकात हा स्टॅम्प आहे. बाहेरून नऊ वाटणारी प्रत, आत तेवढी चौकोनी खिडकी पडलेली, की अंक अपुरा आणि किंमत घसरलेली. दुसऱ्या स्वस्त अंकातला स्टॅम्प आणून ती खिडकी बुजवणारेही आहेत. म्हणून पान उलटून मागची बाजू बघ. तिथल्या ओळी एकमेकींना जुळायला हव्यात.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या दिवसांत मी काळ्या मुखपृष्ठाचा एक अंक घेतला. काळ्या मुखपृष्ठावर काहीही लपत नाही, नख लागलं तरी पांढरं दिसतं. याच्या कण्यावर मात्र एकही रेघ नव्हती. इतक्या जुन्या अंकावर एकही रेघ नाही म्हटल्यावर शंका यायला हवी होती, मला आनंद झाला. दोनेक वर्षांनी सहज मुखपृष्ठ उघडून आतून बघितलं, तर कण्याच्या घडीलगत काळे ठिपके रांगेनं झिरपलेले. कुणीतरी शाई घेऊन एकेक रेघ भरली होती. विकणाऱ्याला माहीत होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं नव्हतं, हे मात्र खरं.

खरी परीक्षा त्यानंतर आली. तो अंक मला विकून टाकायचा होता. 'माझी फसवणूक झाली, आता पुढच्याची होऊ दे' हा विचार मनात आला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन दिवस आला. शेवटी ठिपक्यांचा फोटो काढला, 'कण्यावर रंग भरलेला आहे' असं लिहिलं आणि मिळेल त्यात दिला. विकत घेताना आपला डोळा सावकाराचा असतो आणि विकताना आईचा. दोन्ही वेळी एकच डोळा ठेवता आला, तर ग्रेडिंग आलं म्हणायचं. बाकी सगळा सराव.

रंग भरण्याखेरीज दुसरी चलाखी म्हणजे कडा कापणं. झिजलेली कड पात्याने सरळ केली की अंक नवा दिसतो, पण मिलिमीटरभर अरुंद होतो. म्हणून पट्टी जवळ ठेव. पट्टी आणखी एका फसवणुकीतून वाचवते. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा १९३८ चा पहिला अंक. १९७४ मध्ये त्याच्या प्रकाशकाने, डीसीने, त्याचं मोठ्या आकारात पुनर्मुद्रण काढलं, वर वेगळं जाड आवरण घालून. ते आवरण काढून टाकलं की आत मूळ मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल. 'आजोबांच्या ट्रंकेत सापडला' म्हणून येणाऱ्या पहिल्या अंकांत या नकला पुष्कळ. आकार मोजला की दोन सेकंदांत निकाल लागतो.

छापील किमतीकडेही असंच सावकाश बघ. 'स्टार वॉर्स'चा १९७७ चा पहिला अंक बहुतेक ठिकाणी ३० सेंटला गेला, काही निवडक ठिकाणी चाचणी म्हणून ३५ सेंट छापून विकला. ते ३५ वाले दुर्मीळ. पण पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंटच आहेत, आणि ती ढिगानं मिळतात. आकडा दिसला म्हणून उडी मारू नकोस, आतल्या पहिल्या पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाच.

जपणूक थोडक्यात. अंक उभे ठेव, ना सैल ना गच्च. आम्लविरहित बोर्ड पाठीला, पॉलिप्रॉपिलिनची पिशवी असेल तर पाच-सात वर्षांनी बदल, आवडत्या अंकांना मायलर, म्हणजे जास्त टिकणाऱ्या पारदर्शक पॉलिएस्टरची पिशवी. अंधार, गारवा, कमी दमटपणा. सेलोटेपने फाटलेलं जोडायचं नाही, कधीच नाही. आणि पिशवीचा टेप! अंक बाहेर काढताना उघडा फ्लॅप मागे दुमडून घे. मी एकदा घाईत ओढला आणि टेपने मुखपृष्ठावरून नायकाचा अर्धा कान सोलून नेला. तो टेप अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कानासकट.

किमतीचा प्रश्नही तुझ्या मनात असणारच. ओव्हरस्ट्रीटची दरपुस्तिका १९७० पासून निघते, चाळ जरूर, पण प्रत्यक्षात किती मिळतं ते बघायचं असेल तर झालेले सौदे बघ. मागितलेली किंमत ही नुसती इच्छा असते. शिवाय जुनं आणि दुर्मीळ यांत गल्लत करू नकोस. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत कॉमिक्सचे गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले, म्हणून त्या काळातली एकेक प्रत मोलाची. उलट १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त छापला गेला. लोकांनी तो वाचायलाही घेतला नाही, गुंतवणूक म्हणून पाच-पाच मुखपृष्ठांचे संच पिशवीत घालून ठेवले. ते सगळे अजून पिशवीतच आहेत.

सीजीसीसारख्या संस्थेकडून ग्रेड घेऊन प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करवणं, म्हणजे स्लॅब, २००० सालापासून रूढ झालं. निळं लेबल नेहमीचं, जांभळं म्हणजे अंकाची डागडुजी झालेली, हिरवं म्हणजे ग्रेडला काही अट जोडलेली. अनोळखी माणसाशी महागड्या अंकाचा सौदा असेल तर याला तोड नाही. पण पेटी फोडल्याशिवाय अंक पुन्हा उघडता येत नाही. माझ्याकडचे दोनच स्लॅबमध्ये आहेत आणि त्या दोघांकडे मी सगळ्यात कमी बघतो. तुला अजून दोन-तीन वर्षं याची गरज नाही.

अदलाबदल मात्र आजपासून कर. एकाच अंकाची चारची आणि सहाची प्रत शेजारी ठेवून बघायला मिळते, ते शिक्षण कुठल्या पुस्तकात नाही. सौदा ठरवण्याआधी दोघांनी आपापला ग्रेड चिठ्ठीवर लिहायचा आणि एकदम उघडायचा. अर्ध्याचा फरक आला तर चहा घ्यायचा, दोनाचा आला तर सौदा पुढच्या वेळी. पाठवताना दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, कोपरे मोकळे राहतील असं बांध. पुठ्ठ्याला लावलेला टेप पिशवीला लागता कामा नये.

तर आता तुझा अंक. दिवा बाजूला ठेवून पुन्हा फोटो काढ: मलपृष्ठ, कणा, दोन्ही पिना, मधलं जोडपान, मुखपृष्ठाची आतली बाजू. पाठवण्याआधी तुझा स्वतःचा आकडा वहीत लिहून तारीख घाल आणि मला तो सांगू नकोस. माझा मी चिठ्ठीवर लिहितो.

या वेळी फोटोत शेजारी तू नसलास तरी चालेल.

तुझा,
कान सोललेल्या अंकाचा मालक