छतावरचं पाणी परसबागेला: तपासणीची सुरुवात

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर घेतलात, ठीक आहे, पण सध्या तो बाजूला ठेवा. पावसाच्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असतो आणि त्यावरून जिवाणूही कळत नाहीत, शिसंही नाही. आकडा छान दिसला की नवखे तेच पाणी निर्धास्तपणे कोथिंबिरीवर शिंपडतात.

आधी पहिल्या पावसाचं पाणी टाकीबाहेर सोडा. १ चौरस मीटर छतावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. छत ५० चौरस मीटरचं असेल तर सुरुवातीचं निदान ५० लिटर पाणी वाहू द्या. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातच येते. पावसाने मोठी उघडीप दिली की पुन्हा हेच करायचं. फक्त जूनमध्ये करून भागत नाही.

नमुना घेताना:

- जिवाणूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली. झाकणाला आतून बोट लावू नका. बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा.
- शिसं, जस्त यांसाठी वेगळी बाटली. जुना रंग किंवा जस्ताचे पत्रे असतील तर ही तपासणी टाळू नका.
- तारीख, छताचा प्रकार, शेवटचा पाऊस कधी पडला, हे बाटलीवरच लिहा. त्याशिवाय शेजाऱ्यांच्या नमुन्यांशी तुलना होत नाही, आणि गटाने तपासण्याचा खरा फायदा तोच आहे.

निकाल येईपर्यंत पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) निघाला तर कच्च्या खायच्या पालेभाज्यांना ते देऊ नका. शिजवायच्या दुधी-वांग्याला चालेल. शिसं मात्र शिजवून जात नाही. पीएच, नायट्रेट पुढच्या हंगामात बघू.